सोड म्हणायचा शब्द

बुधवारी दुपारी परसात माझ्या तोंडून एक शब्द गेला आणि आमची लहानशी कुत्री, गुंडी, मेली. कोणता शब्द गेला ते मला सांगता येत नव्हतं. दोनच शब्द होते, दोन्ही कानडी, दोन्ही दोन अक्षरी. हिडी म्हणजे धर आणि बिडू म्हणजे सोड. आमचा दुसरा, धिप्पाड कुत्रा दोड्या, त्याच्या जबड्यात गुंडी होती, तिचे मागचे पाय बाहेर लोंबत होते, परसदारात मी एकटा उभा होतो, आणि मला बिडू म्हणायचं होतं. एवढं नक्की. ते मनात आलं हेही नक्की. पण मनातून तोंडापर्यंत येताना काय झालं, ते मी दोन दिवस आठवत बसलो होतो आणि दर वेळी वेगळं आठवत होतं. कधी माझाच आवाज बिडू म्हणताना ऐकू यायचा. मग घास तोंडाशी नेताना एकदम हिडी ऐकू यायचं, इतकं स्पष्ट की घास परत ताटात ठेवावा लागायचा. दोड्यानं जबडा आणखी आवळला, हे तर मी डोळ्यांनी पाहिलं होतं. माझा मुलगा संगमेश जनावरांच्या डॉक्टरांशी बोलून आला होता. रविवारी सकाळी टेम्पो येणार आणि दोड्याला इंजेक्शनसाठी नेणार, असं ठरलं होतं. मी हिडी म्हणालो असेन तर त्या कुत्र्यानं फक्त सांगितलेलं ऐकलं होतं, आणि मी गप्प राहिलो तर ते माझ्या चुकीपायी मरणार होतं. मी बिडू म्हणालो असेन आणि त्यानं मानलं नसेल, तर त्याची बाजू घेणं म्हणजे माझ्या सहा वर्षांच्या नातीला, भूमिकेला, त्याच्या तोंडाशी नेऊन ठेवणं होतं. सांगावं तर काय सांगावं? शुक्रवारी संध्याकाळी संगमेश त्याच्या पंपांच्या दुकानातून आला, पाय धुतले, माझ्यासमोर बसून चहा प्याला, आणि मी पंप महाग झाले का, असं काहीतरी विचारलं.

दोड्या आमच्याकडे आला तो २००३ च्या दिवाळीनंतर. माझी सून पवित्रा संकेश्वरकडची. तिचे काका रेवणसिद्ध यांचं तिकडे तंबाखूचं गोदाम होतं आणि त्या गोदामावर हा ग्रेट डेन राखणीला होता. काकांना अर्धांगाचा झटका आला, गोदाम विकलं गेलं, कुत्रा कुणी घेईना. पवित्रा त्याला तो पिल्लू असल्यापासून ओळखत होती, ती घेऊन आली. दोड्ड म्हणजे मोठा, म्हणून दोड्या. जीपच्या मागच्या दारातून तो उतरला तेव्हा शाहूपुरीतल्या आमच्या गल्लीतली माणसं आपापल्या उंबऱ्यांवर उभी राहून बघत होती. त्याचे पुढचे पाय जमिनीवर आले तरी मागचा भाग बराच वेळ जीपमध्येच होता. आमच्याकडे कामाला येणारी बनाबाई हातातली बादली खाली ठेवून म्हणाली, "वैनी, ह्ये कुत्रं हाय की रेडकू? धार काढायची तर आत्ताच सांगा, मला उरकून जायाचं हाय." सगळे हसले. मीही हसल्यासारखं केलं. मी तेव्हा दाराच्या आतल्या बाजूला होतो, आणि दार माझ्या हातात होतं.

घरात आधीच दोन कुत्री होती, गुंडी आणि तिची मुलगी बुंदी. पांढऱ्या, केसाळ, मांडीवर मावणाऱ्या पॉमेरियन. माझ्या बायकोनं, नीलम्मानं, गुंडीला आणलं ते चौऱ्याण्णव साली, हुपरीला पैंजण घ्यायला गेली होती तेव्हा. पैंजण न घेता पिशवीत पिल्लू घेऊन एसटीतून आली. नीलम्मा जाऊन तीन वर्षं झाली होती. मला कुत्र्यांचं वेड कधीच नव्हतं, पण गुंडी माझ्या खोलीत झोपायची आणि मी झोपू द्यायचो, कारण नीलम्मा तिच्याशी ज्या आवाजात बोलायची तो आवाज आता फक्त तिच्याच कानात राहिला होता असं मला वाटायचं. मला वाटलं होतं ह्या दोघी त्या धुडाला बघून पलंगाखाली शिरतील. तसं झालं नाही. पहिल्याच दिवशी गुंडी त्याच्या पुढ्यात जाऊन भुंकली, त्यानं नाक खाली आणलं तेव्हा तिनं त्या नाकालाच तोंड मारलं, आणि तो दोन पावलं मागे सरला. आठवड्याभरात दोघी त्याच्या पोटाच्या खळग्यात झोपू लागल्या. तो उठायचा झाला तर आधी मान वळवून बघायचा, मग एकेक पाय उचलायचा. पवित्रा म्हणायची, "मामा, बघा की, किती जपतो." मी बघत होतो. मला दिसत होतं ते एवढंच, की जपायला जागा आहे. एक पाय चुकीचा पडायचा अवकाश होता.

ह्या भीतीबद्दल मी कुणाशी बोललो नाही. कोल्हापुरात कुत्र्याला भिणाऱ्या म्हाताऱ्याला काय म्हणतील ते मला माहीत आहे. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात बत्तीस वर्षं सूचीकार होतो. प्रत्येक पुस्तकाचं कार्ड करायचं, विषय ठरवायचा, खात्री नसेल तिथं पेन्सिलीनं बारीक प्रश्नचिन्ह काढायचं. माझ्या कार्डांवर प्रश्नचिन्हं फार असतात असं वरचे लोक म्हणत. घाबरलो की वाचायचं ही सवय तिथलीच. श्वानपालनावरची तीन पुस्तकं मी आणली आणि वाचली, आणि माझी भीती आणखी नेमकी झाली. आता मला जबड्याची ताकद माहीत झाली. अशी कुत्री सात-आठ वर्षंच जगतात हे कळलं, आणि ते वाचून बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली. मोठ्या कुत्र्याला आणि लहान कुत्र्यांना एका जागी खायला घालू नये, असंही एका पुस्तकात ठळक छापलं होतं. ते मी कुणालाच सांगितलं नाही. पवित्राला जन्मापासून कुत्र्यांची माहिती, तिला मी पुस्तकातलं काय सांगणार? दुपारी पवित्रा शाळेत शिकवायला गेलेली असायची, संगमेश पंपांच्या सुट्या भागांच्या दुकानात. मी परसदारात खुर्ची टाकून, मांडीवर पुस्तक उघडून, त्या तिघांवर नजर ठेवून बसायचो. पान उलटलं जायचं नाही. दोड्या झोपेत पाय हलवायचा, त्याची नखं शहाबादी फरशीवर खरखरायची, आणि त्या आवाजासरशी मी पाय खुर्चीवर ओढून घ्यायचो. तो पाणी प्यायला लागला की बादली संपल्याचा आवाज यायचा. तो आडवा झाला की खुर्चीच्या पायांतून मला कळायचं.

त्याला मराठी येत नव्हतं. गोदामावर त्याला काकांनी कानडीत वाढवलेलं, आणि पवित्रानं ते तसंच ठेवलं. सगळे मिळून आठ-दहा शब्द. ती ते शब्द म्हणायला लागली की मी वाचत असलो तरी माझी मान वर व्हायची, कारण तेच आठ-दहा शब्द माझेही होते. माझी आई, अव्वा, सीमेपलीकडची. घरात ती कानडीच बोलायची, आणि आईकडून पोराला जे ऐकावं लागतं तेवढंच माझं कानडी. ताट पुढं करताना ती म्हणायची हिडी. विळ्याला हात लावला की बिडू. पुढे मोठ्या माणसांचं कानडी, भांडणाचं, व्यवहाराचं, ते मला आलंच नाही, कारण तिसरीत असताना मी ते सोडलं. मधल्या सुट्टीत एका मुलाला चेंडू देताना माझ्या तोंडून हिडी निघून गेलं. त्यानंतर वर्षभर माझं नाव हिडी होतं. मैदानात हिडी, फळ्यावर हिडी, मास्तर हजेरी घेताना मागच्या बाकावरून बारीक आवाजात हिडी. तेव्हापासून मी प्रत्येक शब्द आधी आत म्हणून बघतो, कुठला आहे ते तपासतो, मग बाहेर सोडतो. घरी अव्वाशी मी मराठीत बोलू लागलो. ती समजायची, उत्तर कानडीत द्यायची, मग कमी कमी देऊ लागली. आता साठ-पासष्ट वर्षांनी माझ्या परसात एक जनावर उभं होतं आणि त्याला आणि मला अगदी तेवढेच शब्द ठाऊक होते. ह्याची मला दोड्याच्या दातांइतकीच भीती वाटायची. पवित्रा म्हणायची, "मामा, तुम्हीपण सांगा की त्याला, तुम्हाला येतंय की." मी म्हणायचो, "बघू."

बुधवारी गुंडीच्या डोळ्यांनी घात केला. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता, वासावर चालायची. बनाबाईनं दोड्याचं घमेलं भरलं. आमच्या घरात मांस शिजत नाही, म्हणून कोंबडीचे पाय ती तिच्या घरी शिजवून डब्यातून आणायची आणि परसातच भाकरीत कालवून घालायची. गुंडीची वाटी रोज पायरीवर असायची. त्या दिवशी बनाबाई वाटी धुवायला म्हणून मोरीवर घेऊन गेली. गुंडी पायरीपाशी आली, तिथं काही नव्हतं, तिनं नाक वर केलं आणि सरळ घमेल्याकडे निघाली. मी पाहिलं. तिच्या मागे जाऊन तिला उचलायला मला पाच पावलं होती, पण ती पाच पावलं दोड्याच्या दिशेनं होती. ती त्याच्या पुढच्या दोन पायांमधून आत शिरली आणि तिनं घमेल्यात तोंड घातलं. कुणी गुरगुरलं नाही, नुसतं घमेलं कलंडलं. मान इतक्या वेगानं फिरली की मला मध्येच काहीतरी वगळल्यासारखं वाटलं, आणि मग पांढरं ते सगळं त्याच्या तोंडात होतं. तो हलवत नव्हता, चावत नव्हता. नुसता धरून उभा होता आणि माझ्याकडे बघत होता. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तो माझ्याकडे बघत होता, अगदी डोळ्यांत, कुणीतरी पुढचं सांगावं म्हणून थांबलेल्या पोरासारखा. मी खुर्चीतून उठलो होतो. पुस्तक खाली पडलं. मला तो शब्द दिसत होता, आणि त्याला लागूनच दुसरा. मी तोंड उघडलं. जबडा आवळला गेला. मग मोरीवरून बनाबाई "हाड, हाड" करत आली आणि तिनं भरलेली बादली त्याच्या तोंडावर ओतली, तेव्हा त्यानं सोडलं. गुंडी घमेल्याशेजारी पडली. तिच्या अंगावर एक थेंब रक्त नव्हतं.

तेव्हापासून तो पेरूच्या झाडाला साखळीनं बांधलेला होता. खात नव्हता. बुंदीला घरात कोंडलं होतं आणि ती परसदाराच्या फटीला नाक लावून बसायची, त्याच्याकडे जायला. तिला अजूनही त्याची भीती नव्हती. शनिवारी दुपारी पवित्रा भूमिकेला घेऊन मैत्रिणीकडे गेली. बनाबाई काम उरकून गेलेली. मी दाराची कडी काढली. माझ्या हातात गुंडाळलेला टॉवेल होता. ठरवलं होतं ते असं, की त्याला टॉवेल धरायला लावायचा, मग सोड म्हणायचं. सोडला तर बुधवारी मी चुकलो. नाही सोडला तर तो. एवढं एक कार्ड तरी प्रश्नचिन्हाशिवाय करता येईल. मी साखळीच्या टप्प्याबाहेर उभा राहिलो. किती वेळ उभा होतो ते सांगता येणार नाही, शेजारच्या गुळाच्या वखारीत हमालांनी एक गाडी उतरवून संपवली. मग मी टॉवेल पुढं केला आणि धर म्हणायचा शब्द म्हणालो. शब्द घोगरा आला, पण आला. दोड्यानं टॉवेल हुंगला आणि तोंड फिरवलं. पुन्हा म्हणालो. पुन्हा फिरवलं. टॉवेल टाकून मी आत जायला हवं होतं. पण मला वाटलं, चिंधी ती चिंधीच, तिच्यावरून काय कळणार? तिच्यात जीव नाही. मी दोन पावलं टप्प्याच्या आत गेलो, डाव्या हाताची बाही वर सारली आणि मनगट त्याच्या तोंडासमोर धरलं. "हिडी," मी म्हणालो.

त्यानं धरलं. आधी वाफ जाणवली, मग जिभेचा ओला खरखरीत भाग, आणि मग चारी बाजूंनी दात, कातडीवर टेकलेले, आत न शिरलेले. दुखत नव्हतं. दुखण्याच्या अलीकडे जी जागा असते तिथं माझा हात होता. मी जरा मागे ओढून बघितला आणि जबडा तेवढाच मिटला, ओढलं तेवढाच, जास्त नाही. त्याच्या नाकपुड्यांतला वारा माझ्या कोपरापर्यंत येत होता. तो डोळे वर करून माझ्याकडे बघत होता. आता दुसरा शब्द. तो मला माहीत होता, आत तयार होता, मी तो आत म्हणालोही, एकदा, दोनदा, आणि तो बाहेर येईना. मला वाटलं, हे असंच राहणार, संध्याकाळी संगमेश येईल आणि त्याला त्याचा बाप झाडाखाली कुत्र्याच्या तोंडात हात देऊन उभा असलेला दिसेल. मी डोळे मिटले आणि पोटातून ढकलल्यासारखं केलं. "बिडू." त्यानं तोंड उघडलं. हात बाहेर आला, लाळेनं चकाकणारा, मनगटाभोवती फिकट खळगे पडलेले. मी तिथंच मातीत बसलो. मी चुकलो होतो. मी हिडी म्हणालो होतो. अंगातली सगळी भीती एकदम उतरली आणि त्या जागी जे आलं त्याला काय म्हणावं ते मला ठरवता आलं नाही.

रविवारी सकाळी मी संगमेशला सांगितलं. स्वयंपाकघरात पवित्रा होती, बनाबाई भांडी विसळत होती. मी वाक्य रात्रीच जुळवून ठेवलं होतं. "संगमेश, बुधवारी मी त्याला धर म्हणालो. सोड म्हणायचं होतं, तोंडून धर गेलं. कुत्र्याची चूक नाही." संगमेशनं कप खाली ठेवला. पवित्रा वळून बघायला लागली. तेवढ्यात बनाबाई हात न थांबवता म्हणाली, "आण्णा, कवा म्हणलासा?"

"तेव्हाच. त्यानं धरली तेव्हा."

"मी मोरीवर हुतो की. तुमी कायबी बोलला न्हाईसा. निस्तं व्हट हालत हुतं. मला वाटलं, देवाचं नाव घ्याला लागल्यात."

"मी बोललो, बनाबाई."

"न्हाई ओ. आवाज आला असता तर मी आधी आलो नसतो व्हय? माझी पाठ हुती तुमच्याकडं. घमेलं कलंडल्यालं ऐकून मी वळलो." ती हसली नाही. "तासभर उभा हुता असं वाटलं मला, तोंड उघडून."

मला नीलम्मा आठवली. ती म्हणायची, तुम्ही मला हाक मारता ती तुमच्या तुम्हालाच ऐकू येते, आणि मग मी आले नाही म्हणून रुसता. तीस वर्षं मी ती थट्टा समजत होतो. संगमेश हळू आवाजात म्हणाला, "म्हणजे त्यानं आपण होऊनच धरली, अप्पा. आणि कुणी काही सांगितलं नाही तरी आवळली. हे तर जास्तच वाईट की." मी मनगट पुढं केलं, खळग्यांच्या जागी आता निळं उतरलं होतं, आणि काल काय केलं ते सांगितलं. संगमेशचा चेहरा उतरला. "अप्पा, तुम्हाला वेड लागलंय काय?" पवित्रा माझा हात हातात घेऊन बघत होती. म्हणाली, "सोड म्हटलं की तो सोडतो. सोड म्हटलं नाही तर आवळतो. काकांनी तसंच शिकवलंय. पण दुपारी घरात म्हणणार कोण? मी शाळेत. भूमी साडेबाराला घरी येते." तिनं माझा हात खाली सोडला. ह्या घरात दुपारी मोठं माणूस एकच असतं. बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला.

दोघे जण आले होते, सुती दोर घेऊन. दोड्या त्यांच्याबरोबर मुकाट्यानं बोळातून गल्लीत गेला. लोक पुन्हा उंबऱ्यांवर उभे होते. त्यानं पुढचे दोन पाय टेम्पोच्या फळीवर ठेवले आणि मागून ढकलायची वाट बघत थांबला. मी पुढच्या दाराच्या पायरीवर येऊन उभा राहिलो होतो. मागून भूमिका आली, तिनं माझ्या सदऱ्याचं टोक धरलं आणि माझ्या बाजूला डोकं काढून बघू लागली. तिला आत पाठवायला हवं होतं. पवित्रा म्हणाली ते खरं होतं आणि संगमेश म्हणाला तेही खरं होतं. दोन्हींच्या मध्ये मी होतो, म्हणजे माझा घसा होता, आणि त्याच्यावर कुणी एक कुत्रंसुद्धा विसंबू नये. एखाद्या दुपारी मला डुलकी लागेल, झटका येईल, किंवा नुसतीच भीती वाटेल. सगळं मला दिसत होतं. एक माणूस दोड्याच्या मागच्या पायांना हात घालायला वाकला. "बा," मी म्हणालो. ये, असं. गल्लीत एवढी माणसं असताना मी हे म्हणालो, आणि समोरच्या उंबऱ्यावरची एक बाई माझ्याकडे बघायला लागली, त्यावरून कळलं की ऐकू गेलं. दोड्याचा कान वळला. मग मान. मग तो फळीवरून खाली आला, दोर त्या माणसाच्या हातातून सरसरत निघून गेला, आणि तो पळत निघाला, सरळ माझ्याकडे, गल्लीच्या रुंदीएवढा, दोर मागे फरफटत. संगमेश ओरडला, "अप्पा, भूमीला आत घ्या." मला तिचा श्वास कंबरेशी जाणवत होता. मला बस म्हणायला अव्वा जो शब्द वापरायची तो मी शोधला, तो मिळाला, तो आत म्हणून बघायला आता वेळ नव्हता. "कूड."

आवाज आला की नाही मला कळलं नाही. दोड्या बसला. बसल्यावरही त्याचं डोकं भूमिकेच्या डोक्याहून वीतभर वर होतं.